दोन नंबरच्या नळीतला लाल रंग

१

बुधवारी दुपारी, पाहुण्यांच्या देखत, दोन नंबरच्या नळीतलं द्रावण कोकम सरबतासारखं लालभडक झालं आणि लोकेश गमरेच्या चार वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं.

साल चौऱ्याण्णव. दिवाळी तोंडावर आली होती. भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या गल्लीत, एका स्टीलच्या डब्यांच्या कारखान्याशेजारच्या गाळ्यात एका चारा संशोधन संस्थेची छोटीशी प्रयोगशाळा होती. तिची प्रमुख स्नेहल पंडागळे. मूळची परभणीकडची, लग्नाचं वय उलटून गेलं असं नातेवाईक म्हणायचे आणि ती हसून सोडून द्यायची. बाई कामाला कडक, बोलायला मऊ.

प्रयोगशाळेचं त्या वर्षीचं काम सुबाभळीचं. शेळ्यांना सुबाभळीचा पाला आवडतो, त्यात प्रथिनंही भरपूर. अडचण एकच, टॅनिन. कच्चं केळं चावलं की जीभ आखडते ना, तो तुरटपणा टॅनिनचा. पाल्यात ते थोडं असलं तर बाधत नाही, पण जास्त झालं की पाल्यातली प्रथिनं बांधून ठेवतं. शेळीचं पोट भरतं आणि ती तरीही खंगत जाते. म्हणून संस्थेने उत्तनला समुद्राकाठच्या एका तुकड्यावर सुबाभळीचे सहा वाण सहा ओळींत लावले होते. कुठल्या वाणात टॅनिन किती, हे मोजून सगळ्यात सौम्य वाणाचं बी शेळ्या पाळणाऱ्यांना वाटायचं ठरलं होतं.

मोजायची रीत साधी. वाळलेल्या पाल्याची पूड करायची, तिचा अर्क काढायचा, त्यात आम्लाचं मिश्रण घालून नळी उकळत्या पाण्यात ठेवायची. टॅनिन जितकं जास्त, तितका लाल रंग गडद.

एप्रिलमध्ये लोकेशने सहाही वाण तपासले होते. दोन नंबरचा वाण त्याने स्वतः निवडून वाढवलेला. त्याची नळी जेमतेम गुलाबी झाली होती. तोच वाण पक्का करायचा म्हणून बुधवारी संस्थेचे कार्यवाह पंढरीनाथ राऊत चार पाहुणे घेऊन आले. उत्तनहून नुकत्याच वाळवून आलेल्या पाल्यावर पायलने सगळ्यांसमोर तपासणी केली, आणि नळी लाल झाली.

पाहुणे चहा न घेताच गेले. राऊतांनी आवाज चढवला नाही. एप्रिलची तपासणी एकट्या गमऱ्यांनीच केली होती ना, एवढंच त्यांनी विचारलं, आणि सोमवारपर्यंत लेखी अहवाल मागितला. आकडा खोटा निघाला तर गमरे घरी जातील, हेही शांतपणे सांगून ते पायऱ्या उतरले.

स्नेहलने लोकेशला आत बोलावलं. दापोलीकडचा हा पोरगेला दिसणारा माणूस एरवी वाणांबद्दल बोलायला लागला की थांबायचा नाही. आज तो खिडकीतून बाहेर, मिठागरांच्या दिशेने बघत उभा राहिला. एप्रिलमध्ये काही चुकलं होतं का, असं तिने विचारलं, तर त्याने नुसती मान हलवली. नाही म्हणून की हो म्हणून, ते कळलं नाही.

मग तो म्हणाला, "मॅडम, दोष माझा धरा. पण यात जास्त खोल जाऊ नका."

२

पायल शहा लोकेशच्याच बरोबरीची. हात चलाख, बोलणं फटकळ. पहिली तपासणी लोकेशने एकट्याने केली याचा तिला राग होता, आणि तो ती लपवतही नसे. दुसऱ्या दिवशी सकाळी स्नेहलने तिला समोर बसवून सगळं पहिल्यापासून विचारलं.

पायलने सांगितलं ते असं. पाला मंगळवारी आला. नेहमीसारखाच एल्टनच्या टेम्पोतून. एल्टन हा प्लॉटच्या रखवालदाराचा, पीटरचा पुतण्या. उत्तनहून भाईंदरच्या बाजारात मासळी आणायचा, येताना पाल्याची पाकिटं टाकून जायचा. या खेपेला पाकिटांना सुक्या बोंबलांचा वास येत होता. पायलचा अंदाज असा की एल्टनने पाला सावलीत न वाळवता बोंबलांबरोबर कडक उन्हात टाकला असणार आणि त्यानेच आकडा बिघडला. शिवाय त्या तुकड्यावर एल्टनचा डोळा होता. सुबाभूळ काढून टाका, मला मासळी वाळवायला जागा होईल, असं तो तिच्यासमोरच दोनदा म्हणाला होता.

स्नेहलने थोडा विचार केला. उन्हाचा तडाखा बसला तर टॅनिन पाल्यातच जखडून बसतं, अर्कात कमी उतरतं. नळी फिकी झाली असती, लाल नाही. आणि पाऊस बरसून गेल्यामुळे फरक पडला म्हणावा, तर तो सगळ्याच वाणांत एका दिशेने पडला असता. सगळ्यात सौम्य वाण एकदम इतका तुरट झाला नसता.

"आणखी काही?" तिने विचारलं.

पायल घुटमळली. लोकेशवर तिचा राग होता, पण त्याची नोकरी जावी असं तिला वाटत नव्हतं, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं.

"मॅडम, बुधवारी सकाळी त्याने पाकीट उघडून पाहिलं. नुसतं आत पाहिलं हां, हात पण नाही लावला. त्याचा चेहरा असा उतरला की मी विचारलं, तब्येत बरी आहे ना. तर म्हणाला, आजची टेस्ट पुढे ढकलू या. मी म्हटलं, पाहुणे स्टेशनवर उतरले पण असतील. मग गप्प बसला."

म्हणजे काहीतरी बिघडणार हे लोकेशला आधीच कळलं होतं. नुसत्या पाल्याकडे बघून.

३

त्या दिवशी स्नेहलने दुसरं कुठलंच काम घेतलं नाही. बुधवारी फक्त दोन नंबरची नळी उकळली होती. बाकीच्या पाच वाणांची नवी पाकिटं तशीच पडून होती. एप्रिलचा राखून ठेवलेला पालाही बंद बाटल्यांमध्ये होता, मेणाने सील केलेला, सीलवर तिची स्वतःची सही. तिने पायलला सोबत घेतलं आणि दोन्ही खेपांचे सहाही वाण पुन्हा तपासायला घेतले.

आधी तिने पाला कागदावर ओतून नीट पाहिला. एप्रिलच्या पाल्यात पानं अख्खी होती. सुबाभळीचं पान म्हणजे मधली शीर आणि तिला दोन्हीकडे लागलेल्या, पाकळ्यांसारख्या बारीक पर्णिका. शीर देठाशी कात्रीने सरळ कापलेली. पीटरला लोकेशने असंच शिकवलं होतं. नव्या पाकिटांत शीर जवळजवळ नव्हतीच. नुसत्या पाकळ्या, चिमटीत धरून शिरेवरून ओढून काढलेल्या. भाजीला शेवग्याचा पाला ओरबाडतात तशा.

तिने ते मनात ठेवलं आणि कामाला लागली.

संध्याकाळ व्हायच्या आत नळ्या दोन स्टँडवर उभ्या राहिल्या. पुढे एप्रिलच्या, मागे नव्या. एप्रिलची दोन नंबरची नळी गुलाबी. सगळ्यात फिकी. लोकेशने सांगितली होती तशीच. पायलने ती उजेडाकडे धरली आणि बराच वेळ खाली ठेवली नाही.

"तो खोटं नव्हता बोलला," ती म्हणाली.

स्नेहल मात्र मागच्या नळ्यांकडे बघत होती. नव्या पाल्यात पाच नंबरची नळी गुलाबी आली होती. एप्रिलमध्ये पाच नंबर सगळ्यात गडद होता. नवा एक नंबर एप्रिलच्या सहासारखा दिसत होता. नवा तीन, जुन्या चारसारखा. तिने मागचा स्टँड उचलला, अर्धा वळसा देऊन फिरवला आणि परत ठेवला. आता पुढचे आणि मागचे रंग नळीला नळी जुळले.

एखाद्याला लोकेशचं नुकसान करायचं असतं तर त्याने एक पाकीट बदललं असतं. सहाही ओळी शिस्तीत उलट्या करायचं कुणाला सुचलं असतं? हा डाव नव्हता. पाला तोडणाऱ्याने ओळी दुसऱ्या टोकापासून मोजल्या होत्या.

पण पीटर गेली चार वर्षं त्या ओळींमध्ये राबत होता. त्याला एक नंबर कुठला आणि सहा नंबर कुठला, हे ओळींवर नंबरच्या पाट्या नसतानाही कळायला हवं होतं. आणि चूक इतकी साधी असेल, तर लोकेश ती स्वतःच्या माथी का घेत होता?

४

शुक्रवारी सकाळी तिने भाईंदर पश्चिमेहून उत्तनची बस धरली. लोकेशला सांगितलं नाही. मुर्धे, राई, डोंगरी मागे पडली आणि खाऱ्या वाऱ्याबरोबर वाळत्या मासळीचा वास खिडकीतून आत आला. बंदराजवळ एल्टन टेम्पोत बर्फाच्या लाद्या चढवत होता. तिला बघून तो कावराबावरा झाला. त्याच्याही कानावर बातमी गेली होती.

त्याने फार आढेवेढे घेतले नाहीत. पाकिटांना वास आला कारण त्या दिवशी टेम्पोत सुके बोंबील होते, बाकी काही नाही. प्लॉटची जागा हवी असं तो बोलला होता हे खरं, पण काका-काकी तिथल्या खोलीत राहतात. रखवालदारी गेली तर खोली जाईल, आणि ती म्हातारी माणसं कुठे जाणार, हे त्यालाही कळत होतं. पाकिटं कोणी दिली, असं विचारल्यावर तो म्हणाला, काकीने. काका कुठे होते, तर म्हणाला, झोपले होते बहुतेक. मग त्याने विषय बदलला.

प्लॉट गावाच्या टोकाला होता. रस्त्याच्या बाजूला फाटक, समुद्राच्या बाजूला रखवालदाराची खोली, आणि मध्ये सुबाभळीच्या कमरेएवढ्या राखलेल्या सहा ओळी. ओळींच्या लाकडी पाट्या जूनच्या वादळात उडून गेल्या होत्या. नव्या पाट्या पाठवायचं प्रयोगशाळेत ठरलं होतं आणि राहून गेलं होतं. स्नेहलला ते आत्ता, तिथे उभं राहिल्यावर, टोचलं.

पीटरच्या बायकोने, व्हेराने, खुर्ची पुसून दिली. ठेंगणी, चपळ बाई, गुडघ्याखाली घट्ट नेसलेलं लाल चौकड्यांचं लुगडं, कपाळ मोकळं, गळ्यात क्रूस. पीटर ओटीवर बसला होता. एके काळचा खलाशी. खांदे अजून रुंद होते. त्याने स्नेहलला हसून नमस्कार केला.

तिने त्याला विचारलं, पाला कधी तोडलात. व्हेरा म्हणाली, सोमवारी. तिने विचारलं, कात्री बोथट झाली का, नवी पाठवू का. व्हेरा म्हणाली, न्हाय न्हाय, चांगली हाय. तिने विचारलं, पाय कसा आहे अंकल, मागे मुरगळला होता ना. पीटरने व्हेराकडे पाहिलं. व्हेरा म्हणाली, बरा हाय आता, चालतान ते.

स्नेहलला आई आठवली. परभणीच्या घरात, वडिलांच्या शेवटच्या दोन वर्षांत, आईही अशीच बोलायची. कोणी काही विचारलं की वडिलांच्या आधी उत्तर द्यायची. लोकांना वाटायचं, बाई फारच पुढे पुढे करते. आई खरं तर त्यांच्यापुढे उभी राहून त्यांना झाकत होती, हे स्नेहलला फार उशिरा कळलं.

तिने आवाज शक्य तेवढा साधा ठेवला.

"आंटी, दोन नंबरच्या ओळीचा मूठभर पाला देता का? नेते बरोबर."

व्हेरा उठली, स्वयंपाकाच्या दारातून बाहेर पडली, दारापासून दुसऱ्या ओळीशी थांबली, आणि एकेक पान चिमटीत धरून पाकळ्या ओढून ओच्यात टाकू लागली.

५

फाटक वाजलं. लोकेश आला होता, धापा टाकत. मॅडम उत्तनला गेल्याचं पायलने त्याला सांगितलं होतं. पायलने त्याची माफीही मागितली होती, हे स्नेहलला नंतर कळलं.

त्याने व्हेराच्या ओच्यातला पाला पाहिला, स्नेहलचा चेहरा पाहिला, आणि तो बांधावर खाली बसला.

स्नेहलने त्याला हळू आवाजात सगळं सांगितलं. पीटरने ओळी नेहमी तुमच्याबरोबर फाटकाकडून मोजल्या, म्हणून फाटकाजवळची ओळ एक नंबर. घरातली बाई घराच्या दारातून बाहेर पडते. तिच्यासाठी पहिली ओळ म्हणजे दाराजवळची, म्हणजे आपली सहावी. पाट्या असत्या तर तिने त्या वाचल्या असत्या, पाट्या नव्हत्या. कात्रीने शीर कापायची हे तिला कोणी शिकवलं नव्हतं, म्हणून तिने भाजीसारखा पाला ओरबाडला. बुधवारी तुम्ही पाकिटात पाहिलंत आणि तुम्हाला कळलं की हा पीटरचा हात नाही. नळी लाल झाल्यावर तुम्ही एका वाक्यात सुटला असता. पण ते वाक्य पीटरवर आलं असतं.

लोकेशने ते नाकारलं नाही. मेपासून अंकल विसरायला लागले, तो म्हणाला. आधी पाणी द्यायचं विसरायचे, मग वाण. एकदा घराची वाट चुकले. व्हेराआंटीने त्याच्याकडून शब्द घेतला होता, संस्थेत कोणाला सांगायचं नाही. तो नवीन असताना इथेच कावीळ होऊन पडला होता. या दोघांनी त्याला महिनाभर आपल्या खोलीत ठेवून घेतलं होतं, उसाचा रस आणि पेज भरवली होती. पीटर जमिनीवर झोपायचा आणि खाट त्याला द्यायचा.

"नोकरी दुसरी मिळेल मॅडम," तो म्हणाला. "त्यांना दुसरी खोली कोण देणार?"

व्हेराला ऐकू गेलं असावं. ती ओचा धरून ओळींमधून आली. ओरबाडलेला पाला अजून त्यात होता. तिला रडू येत नव्हतं. ती फार दिवसांपासून रडायची थांबलेली दिसत होती.

"बाय, पाप माजा हाय," ती म्हणाली. "सोमवारी सकाली ते कात्री घेऊन ओलीत उभे राह्यले. उभेच राह्यले. मी सांगितला, तुमी बसा, मी करते. मला वाटला, पालाच तर हाय. या पोराची नोकरी जाल असा मला सपनात पन ठाव नव्हता."

स्नेहलने तिच्या हातातला ओचा सोडवून घेतला आणि पाला जमिनीवर ओतला. मग तिने लोकेशला घरातून कात्री आणायला सांगितली.

तिघांनी मिळून, फाटकाकडून मोजत, सहाही ओळींचा पाला कापला. व्हेराला शीर कशी धरायची ते लोकेशने दाखवलं. दुसऱ्याच पानापासून तिचा हात बसला.

६

शनिवारी तो पाला प्रयोगशाळेच्या भट्टीत मंद आचेवर वाळवून तपासला. दोन नंबरची नळी गुलाबी आली. पायलने ती तीनदा तपासली आणि तिन्ही वेळा ती लोकेशला हाक मारून दाखवली, जणू नवीनच काही घडतंय.

सोमवारी स्नेहलने अहवाल राऊतांच्या टेबलावर ठेवला. त्यात लिहिलं होतं की वाणात दोष नाही आणि एप्रिलचा आकडा खरा आहे. या खेपेला ओळी उलट्या टोकाने मोजल्या गेल्या, कारण त्यांवर पाट्या नव्हत्या, आणि पाट्या लावायची जबाबदारी प्रयोगशाळाप्रमुख म्हणून माझी होती. पीटरची प्रकृती आता एकट्याने काम करण्याजोगी नाही. त्यांच्या पत्नीने काम शिकून घेतलं आहे; यापुढे रखवालदार म्हणून त्यांचं नाव लावावं आणि खोली त्यांच्याकडेच ठेवावी, अशी माझी शिफारस आहे.

राऊतांनी ते दोनदा वाचलं. दोष स्वतःकडे घेऊन लिहिलेला अहवाल त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असेल. पाल्याची जबाबदारी एका बाईच्या भरवशावर सोडायची का, असं त्यांनी विचारलं. आत्तापर्यंत एका बाईच्याच भरवशावर सोडलेली आहे, स्नेहल म्हणाली. ते किंचित हसले आणि सही केली. तिला मात्र त्यांनी ताकीदही लेखीच दिली, आणि तिने ती मुकाट्याने घेतली.

पुढच्या आठवड्यात ती आणि लोकेश पत्र्याच्या नव्या पाट्या घेऊन उत्तनला गेले. लोकेश आणि व्हेरा पाट्या ठोकत दूरच्या टोकाला गेले. स्नेहल ओटीवर पीटरजवळ बसली. समुद्राला ओहोटी होती. होड्या चिखलात कलंडून पडल्या होत्या आणि तो त्यांच्याकडे बघत होता.

त्याने वळून पाहिलं नाही, पण बोलला, अगदी हळू.

"बाय, त्या दिशी पाला तिनं तोडला. मला ठाव हाय. मी हितंच बसून बघत व्हतो. ती उलटी मोजते, ता पन दिसत व्हता."

मग तुम्ही तिला सांगितलं का नाही, असं स्नेहलने विचारलं.

"कसा सांगू?" पीटर म्हणाला. "तिला वाटतंय, माजा मला कलत न्हाय. मी इसरतंय ता मला ठावंच न्हाय, असा समजून ती बिचारी जरा सुकानं झोपते. मला कलतंय, असा तिला कलला, तर ती रडाल." त्याने आपल्या रुंद हाताने गुडघा चोळला. "तू सांगू नको तिला."

"नाही सांगणार," स्नेहल म्हणाली. मग ती त्याच्याकडे वळून पुन्हा म्हणाली, "नाही सांगणार, अंकल."

त्याने मान डोलावली. दूर ओळींमध्ये व्हेरा कशावरून तरी लोकेशला रागावत होती आणि लोकेश हसत होता. वाऱ्याने सुबाभळीचा पाला एकाच बाजूला झुकत होता.

थोड्या वेळाने पीटरने स्नेहलकडे वळून पाहिलं. कपाळावर आठ्या आल्या, मग त्या विरल्या, आणि परक्या पाहुण्याकडे बघून हसावं तसा तो अदबीने हसला.

"तू कोनाची गो?" त्याने विचारलं. "कुठशी आलीस?"

"मी स्नेहल. भाईंदरहून आले."

"येवऱ्या लांबशी?" पीटर म्हणाला, आणि हाताचा आधार घेऊन उठायला लागला. "मंग बस. चा घेतल्याबिगर जायाचा न्हाय."